अंधारातला गट

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मधुसूदननं आपल्या कॅबिनच्या खिडकीतून सहज खाली पाहिलं, तर मागच्या ओट्यावर पंचफुला बेडूकमाशांना ऊन दाखवत होती. दोन पांढरे ट्रे, प्रत्येकात दहा पिल्लं. आधी तिनं ओट्यावर एक जुनी चादर घातली, चादरीच्या सुरकुत्या हातानं मोडल्या, मग एकेक ट्रे दोन्ही हातांनी, पाणी डुचमळू न देता, असा ठेवला की वाडी भागातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांवरून येणारं पहिलं ऊन नेमकं त्याच्यावर पडावं. मग ती शेजारी उकिडवी बसली आणि बोलायला लागली. काच बंद होती, त्यामुळे नुसते ओठ हलताना दिसत होते. हे ट्रे अंधारातल्या गटाचे होते. अंधारातल्या गटानं चार दिवस उजेडाचं तोंड पाहायचं नसतं. त्यासाठी काळं रंगवलेलं कपाट होतं, कपाटाला आतून काळा पडदा होता आणि दारावर 'कामाशिवाय उघडू नये' अशी पाटी होती, जिच्याखाली मधुसूदनची सही होती. पंचफुला सातवीपर्यंत शिकलेली होती, पाटी तिला वाचता येत होती. तिचं आत काम होतं, म्हणून ती उघडत होती.

एरवी तो साडेनऊला यायचा. अमरावती रोडवर पुलाचं खोदकाम निघालं होतं, ट्रकांच्या रांगेत आदल्या आठवड्यात दोनदा स्कूटर तापून बंद पडली, म्हणून निवृत्तीला सहा दिवस उरले असताना, चौदा वर्षांत पहिल्यांदा, तो लवकर निघाला होता. लवकर येण्यामागे कोणताही हेतू नव्हता हे त्यानं स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितलं. हात खिडकीच्या कडीकडे गेलाही होता. 'पंचफुलाबाई, अहो काय करता' एवढंच ओरडायचं होतं, आणि दोन्ही ट्रे टाकून नवे भरायचे होते, आणि एक दिवस वाया गेला अशी नोंद करायची होती. कडी थंड लागली. त्यानं हात मागे घेतला आणि घड्याळात पाहिलं.

औषध उजेडात जागं होणारं होतं. अशी औषधं शरीरात गुपचूप जाऊन बसतात आणि डॉक्टर जिथे उजेड पाडेल तिथेच पेटतात, आजूबाजूचं मारतात. उजेड नसेल तर मात्र त्यांनी गरीब गाईसारखं पडून राहावं अशी अपेक्षा असते. ती खरी की खोटी हे माणसांआधी बेडूकमाशांना विचारायचं. साध्या पाण्यातले दहा दिव्याखाली, साध्या पाण्यातले दहा कपाटात. औषधाच्या पाण्यातले दहा दिव्याखाली, औषधाच्या पाण्यातले दहा कपाटात. औषध प्यालेल्या आणि दिव्याखाली बसलेल्या दहांनी मरायचं, बाकीच्या तिसांनी जगायचं, की औषध प्रामाणिक ठरलं. बेडूकमाशांची निवड अशासाठी की त्यांची कातडी पातळ असते, आतलं आतडं चकलीसारखं बाहेरून दिसतं, आणि ते ओरडत नाहीत. गेल्या तीन वर्षांत मात्र कपाटातले औषधवालेही मरायला लागले होते. एकामागून एक सात औषधं अशी अप्रामाणिक निघाली. सातही अहवालांवर मधुसूदननं 'अंधारातही घातक' असं लिहून सही केली होती, सातही औषधं त्यांच्या त्यांच्या कंपन्यांनी गुंडाळून ठेवली होती, आणि प्रयोगशाळेचा तरुण मालक केयूर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत असे की आमचे सर कोणालाच पास करत नाहीत. सातव्या औषधानंतर मधुसूदनला एक सिद्धान्तही सुचला होता: वाडीच्या बोअरच्या पाण्यातले क्षार औषधाला अंधारातच चेतवतात. हा सिद्धान्त त्यानं हैदराबादला जाऊन एका परिषदेत वाचला, आणि त्याबद्दल मिळालेला काचेचा हिरवा बेडूक टेबलावर कागद दाबायला होता. पंचफुला तीन वर्षांपूर्वी कामाला लागली होती. सात औषधं आणि पंचफुला या दोन गोष्टी त्यानं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

साडेसातला तिनं ट्रे उचलले. वीस मिनिटं. त्यानं पॅडवर वीस लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. दोन्ही ट्रेंमध्ये एकेक बटणाएवढी डबी तरंगत होती. या वेळच्या कंपनीनं ती मुद्दाम पाठवली होती. अंधार किती अंधार होता हे ती मिनिटामिनिटाला टिपून ठेवणार होती. डब्या त्यानंच रविवारी संध्याकाळी येऊन पाण्यात सोडल्या होत्या. पंचफुलाला ती काहीतरी पोरांच्या गळ्यातल्या ताइतासारखी वस्तू वाटली असावी, कारण उचलण्याआधी तिनं दोन्ही डब्या बोटानं हलकेच पालथ्या केल्या, म्हणजे त्यांचीही दुसरी बाजू शेकावी. डबी टिपते आहे हे त्याला ठाऊक होतं. गुरुवारी काय होणार हे ठाऊक होतं. आणि तरी त्याच्या छातीत जे काही चाललं होतं त्याला भीती म्हणता येत नव्हतं. फार वर्षांनी कोणीतरी जुन्या नावानं हाक मारावी तसं काहीतरी होतं ते. चांगलं वाटत होतं.

दहा वाजता ती चहा घेऊन आली.

"काय म्हणतात तुमची पोरं?" त्यानं विचारलं.

"चांगली हायेत जी. दिव्याखालचे मरतीन, ते त्यायच्या नशिबातच हाये." कप ठेवून ती थांबली. "पन कपाटातल्यायचं लय वाटते मले."

"काहून?"

"उजेड नाही भेटला तं लेकराचं हाड नाही धरत, सायेब. माही काजल सातव्या महिन्याची. मांजराच्या पिल्लावानी होती. डाक्टर म्हने राह्यत नाही. सासूनं रोज सकाळी तेल चोळून उन्हात निजवली. आता पाहा, घोडीवानी हाये, दोन लेकरायची माय."

"किती वेळ निजवायची?"

"काय जी?"

"उन्हात. किती वेळ?"

"वीस मिन्टं," पंचफुला म्हणाली, जशी काही ही गोष्ट साहेबाला माहीत नसणं शक्यच नाही. "त्याच्यावर उन्ह कवळं नाही राह्यत."

पंचफुला पारशिवनीकडची. वाडीतल्या भाड्याच्या खोल्यांमधून राहणाऱ्या ड्रायव्हर-हमालांच्या बायकांना माहेर लांब असायचं. बाळंत झाल्या की पंचफुलाच त्यांची आई व्हायची. पहाटे चार घरची बाळं न्हाऊ-माखू घालून, उन्हात निजवायला आयांच्या हाती देऊन, ओल्या हाताला हळदीचा वास घेऊनच ती कामावर यायची. म्हणजे ट्रे घेऊन ती ओट्यावर बसायची तेव्हा तिचा तो पाचवा पाळणा असायचा. हे सगळं त्या सकाळी तिच्याशी बोलताना त्याला नीट कळलं, आणि सांगून टाकायची जागा इथेच होती. बाई, हे ऊन वेगळं, ही लेकरं वेगळी, तुम्ही ज्यांना शेकता तीच मरतात: तीन वाक्यं. साध्या पाण्यातले जगतात, ते तुमच्या उन्हानं जगले असं तुम्हाला वाटतं. औषधातले मरतात, ते औषधानं मेले असं तुम्हाला वाटतं. दोन्हीकडून तुमचंच बरोबर. पण सांगितलं की ती थांबली असती. थांबली की प्रयोग संपला असता. मधुसूदन चहा बशीत ओतून प्यायला आणि "आलं जास्त झालं" एवढंच म्हणाला.

दुपारभर त्याला तेलाचा वास येत राहिला. हळदीचा नाही, बावचीच्या तेलाचा, कडवट, जुन्या कपाटातल्या पुस्तकासारखा. बेचाळीस वर्षांपूर्वी प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर तो वास असायचा. सिंधूताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, पंचवीस वर्षांची, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात आणि हनुवटीवर कोडाचा डाग, करंगळीवर एक. डाग चाराण्याच्या नाण्याएवढाही नव्हता, पण घरात दुसरा कोणताही विषय त्याच्यापेक्षा मोठा नव्हता. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, प्रत्येक गोष्टीची फाइल करणारे, डागाचीही केलेली. महाल भागातल्या वैद्यांनी बावचीचं तेल दिलं होतं: लावायचं, सकाळच्या उन्हात दहा मिनिटं बसायचं, अकरावं मिनिट नाही. बावचीतही तेच असतं, उजेडात जागं होणारं, हे मधुसूदन पुढे एम.एस्सी.ला शिकला, तेव्हा तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता आणि बाबांनी आपलं मनगटी घड्याळ त्याच्या हातात देऊन सांगितलं होतं, तुझं काम एकच, दहा झाली की हाक मारायची. दीड महिना त्यानं दहाव्या मिनिटाला हाक मारली. ताई, चल. ताई उठायची, पदरानं हनुवटी झाकून जिना उतरायची. डाग गुलाबी झाला होता, कडेनं तपकिरी ठिपके धरायला लागले होते. त्या रविवारी अमरावतीचे पाहुणे बघायला येणार होते. आणि गुरुवारी मधुसूदन जिन्याच्या वर दारामागे प्राणिशास्त्राचं पुस्तक घेऊन बसला, बेडकाच्या रक्ताभिसरणाचं प्रकरण होतं, आणि वाचण्यात इतका गुंग झाला की वेळेचं भान राहिलं नाही. हे त्यानं बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, नंतर मित्रांना सांगितलं, आणि स्वतःला तर इतक्या वेळा सांगितलं की बेडकाच्या रक्ताभिसरणाची आकृती त्याला अजून डोळे मिटून काढता येते. चांगली काढता येते. न वाचलेल्या पानाची आकृती इतकी चांगली कशी काय येते, हा प्रश्न बेचाळीस वर्षांत त्यानं एकदाही विचारला नव्हता.

मंगळवारी तो पावणेसातलाच आला. रस्ता मोकळा होता, त्यामुळे खोदकामाचं निमित्तही उरलं नाही. दिवा न लावता खिडकीशी उभा राहिला. पंचफुला आली, चादर, सुरकुत्या, ट्रे. वरून बेडूकमासे स्वल्पविरामांसारखे दिसत. साध्या पाण्यातले सळसळत होते. औषधातल्यांपैकी दोघं कडेला जाऊन थांबले होते, शेपटी एका बाजूला वळलेली, जणू कोणीतरी हाक मारली आणि मागे वळून पाहायचं राहून गेलं. पंचफुलानं त्यांना बोटानं मध्ये ढकललं, उन्हात आणलं. एकाला तिनं चक्क ओंजळीत घेतलं, तोंडाजवळ नेलं, काहीतरी समजावून सांगितलं आणि परत सोडलं. जो जास्त अशक्त त्याला जास्त ऊन. मधुसूदननं काचेला कपाळ टेकवलं. तिच्या जागी एखादी निर्दय बाई असती, किंवा नुसती आळशी असती, तर सात औषधं आज बाजारात असती, हा विचार त्याला आला आणि तो हसला. हसताना काचेवर वाफ धरली. ती त्यानं बाहीनं पुसली, कारण तेवढ्यात काही चुकायला नको होतं.

बुधवारी तिनं वर पाहिलं. कशामुळे कोण जाणे, गोदामावरचं कबुतर उडालं असेल. तो मागे सरकला नाही. सरकायला हवं होतं असं त्याला वाटलं तेव्हा उशीर झाला होता. पंचफुलानं पदर सारखा केला, थोडी लाजली, ट्रेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, बहुधा 'आज बरे हायेत' असं. मधुसूदनला काहीतरी करणं भाग होतं. मान हलवणं म्हणजे हो झालं असतं, हात हलवणं म्हणजे नको. त्यानं मनगट वर करून घड्याळ पाहिलं. तिनं ते पाहिलं आणि समजल्यासारखी मान डोलावली. बरोबर सात तीसला, त्यानं घड्याळावरून नजर काढायच्या आत, तिनं ट्रे उचलले. माणसाला आपलं काम कोणीतरी वरून पाहतंय असं कळलं की तो ज्या टापटिपीनं वागतो, त्या टापटिपीनं तिनं चादर घडी केली.

दारामागून त्यालाही गच्ची अशीच दिसत असे. दार पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची. ताईची पाठ, मानेवरचा अंबाडा, उन्हाकडे वर केलेली हनुवटी. दहा झाली. तोंड उघडलं होतं त्यानं, हाकेतला 'ता' जिभेवर होता. आणि मग एकदम वाटलं, अकरावं मिनिट नाही असं वैद्य म्हणतात, पण अकराव्या मिनिटाला होतं काय? हे कोणाला माहीत आहे का? बाबांना, वैद्यांना, पुस्तकाला? त्यात राग नव्हता. ताईवर त्याचा जीव होता. पहिल्या वर्षाची फी तिनं शिकवण्या करून भरली होती. द्वेष असता तर पुढे पश्चात्तापाला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्याला फक्त पुढे काय होतं ते पाहायचं होतं. अकरा झाली, बारा झाली. काहीच झालं नाही, म्हणून आणखी थोडं. पंधरा. वीस. ताईनं एकदा खांदे आवळले. आता झालं असेल, आता हाक मारली तर उशीर का असं विचारतील, म्हणून आणखी थोडं. पस्तिसाव्या मिनिटाला आई खालून ओरडली, अरे पोहे निवतात, तेव्हा ताई उठली. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी लाली. फोड चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या अडीच तास आधी, ओठापासून गळ्यापर्यंत, साबुदाण्याच्या पापडावर येतात तसे. अमरावतीच्या मंडळींनी पोहे खाल्ले, उन्हाळा यंदा लवकर आला असं म्हणाले आणि गेले. बाबांनी त्याच्यावर हात उगारला तेव्हा सिंधूताई सुजलेल्या ओठांनी बोलली, की मधूनं हाक मारली होती, मीच बसले. जखमा भरल्या आणि भरलेल्या जागी सगळीकडे पांढरं आलं. नंतर कोणी बघायला आलं नाही. मोठी बहीण घरात असताना धाकट्याचं कसं करायचं, म्हणून मधुसूदनचंही राहिलं. आईबाबा गेले. दोघं राहिली. सिंधूताई त्याचा डबा भरते, आणि तो मोठा शास्त्रज्ञ आहे असं प्रताप नगरात तिनंच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

गुरुवारी दुपारी मोजणी झाली. कपाटातले साध्या पाण्यातले दहाच्या दहा जिवंत, एकाला तर मागच्या पायांचे कोंब. कपाटातले औषधवाले नऊ मेलेले, दहावा उताणा पडून तोंड उघडमिट करत होता. केयूरनं डब्या संगणकाला जोडल्या. पडद्यावर चार दिवसांचा सपाट काळोख आला आणि त्यात रोज सकाळी एकाच वेळी वर गेलेला एकेक सुळका. चार सुळके, एकाच मापाचे.

"सर, हे काय चालून राहिलं?" केयूर म्हणाला. "कपाटात सूर्य उगवून राहिला की काय? क्लायंटनं हाच फोटो सकाळी पाठवला. लाइव्ह दिसते त्यांना. बोलवा पंचफुलाबाईला."

पंचफुला हात पुसत आली. केयूरनं विचारायच्या आतच तिनं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही केलंय असं तिला वाटतच नव्हतं. हो जी, मीच नेते. रोज नेते. कवळं उन्ह.

केयूरनं कपाळावर हात मारला. "सर, तुम्हीच समजवा हिला. माझं डोकं फिरेल."

आणि मधुसूदननं समजावलं. त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली, तिला बसायला सांगितलं, कागद घेतला, चार चौकोन काढले. तो चांगला शिकवतो असं पूर्वीपासून सगळे म्हणत. औषध झोपलेलं असतं, बाई. उजेड लागला की जागं होतं. जागं झालं की पेटतं. ज्याच्या अंगात आहे त्यालाच आतून जाळतं. म्हणून यांना अंधारात ठेवायचं. तुम्ही नेलं नसतं तर हे दहाही जगले असते. त्याचा आवाज मऊ होता, वाक्यं आखीव होती, आणि प्रत्येक वाक्य तिच्या चेहऱ्यावर कुठे जाऊन लागतंय हे तो पाहत होता. 'जो जास्त अशक्त होता त्याला तुम्ही मध्ये ढकललं, तो आधी गेला,' हेही त्यानं सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती आणि जे पाहिल्याशिवाय कोणाला सांगता आलं नसतं. ते केयूरच्या लक्षात आलं नाही. पंचफुला चौकोनांकडे पाहत राहिली. मग आपल्या हातांकडे.

"तीन वर्सातले?" ती म्हणाली. "समदेच?"

"औषधातले. हो."

"तीन वर्षांचं कोणी बोलायचं नाही," केयूर घाईनं म्हणाला. "फक्त हा आठवडा. सर, लिहून घ्या, फक्त हा आठवडा. आणि बाई, तुम्ही लोकांच्या लेकरांना पण असंच करता ना? सकाळी? देवा!"

पंचफुलानं हात पदराखाली घेतले. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि क्लीनर 'आन दे, आन दे' ओरडत होता. मग तिनं मधुसूदनकडे तोंड केलं. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं न समजलेलं विचारावं तसं तिनं विचारलं:

"मंग सायेब, तुम्ही वरतून हाक काहून नाही मारली?"

केयूरनं मान वळवली. "सर पाहत होते?"

"खिडकीत होते नं. घड्याळ दाखवलं मले. म्हनून मी वीसच्या वर एक मिनिट नाही होऊ देलं."

इथे जे काही होतं ते एका शब्दावर होतं. हो म्हटलं तर ती निदान एकटी राहिली नसती. साहेबाला माहीत होतं म्हटल्यावर बाईला काढता आलं नसतं, तिचे हात तिच्याकडे राहिले असते. हो म्हटलं तर सात अहवाल, हैदराबाद, शनिवारच्या निरोपाची शाल आणि नारळ, सगळं गेलं असतं. मधुसूदन हे सगळं स्पष्ट पाहू शकत होता, चार चौकोनांइतकं स्पष्ट. त्यानं चष्मा काढला, पुसला.

"मी साडेनऊला येतो," तो म्हणाला.

हे चौदा वर्षांपुरतं खरं होतं. पंचफुला त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर संताप येईल म्हणून तो वाट पाहत असताना तिथे भलतंच काहीतरी आलं. चालता चालता एखादं म्हातारं माणूस अडखळलं की आपण दुसरीकडे बघतो, तसं.

"नसतील जी," ती केयूरला म्हणाली. "दुसरं कोनी असन. काचीवर उन्ह चमकते, मानूस नाही वळखू येत."

तिला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जाताना उताण्या पडलेल्या दहाव्याकडे एकदा पाहिलं, हात लावला नाही. तिच्यामागे दार लागलं तेव्हा मधुसूदननं आपल्या आत काय होतंय ते तपासलं. सुटका वाटत होती. साधी, स्वच्छ सुटका, जशी शौचाहून आल्यावर वाटते. भूकही लागली होती. डबा उघडून तो सगळा जेवला, वाटीला लागलेलं वरणसुद्धा बोटानं पुसून.

साडेसहाला घरी आला तेव्हा सिंधूताई पुढच्या खोलीत वालाच्या शेंगा निवडत बसली होती. सदुसष्ट वर्षांची, ओठापासून गळ्यापर्यंत पांढरी, कोणाला माहीत नसेल तर वाटावं जन्मापासून अशीच. तिनं विचारलं, आज चेहरा का असा. त्यानं सांगितलं. तो चांगला सांगतो. पाटीचं, पालथ्या केलेल्या डब्यांचं, कपाटात उगवलेल्या सूर्याचं सांगितलं, आणि ताई हसलीसुद्धा. मग पंचफुला गेली ते सांगितलं. ताई हसायची थांबली.

"चार दिवस कोणी पाहिलं नाही तिला?"

त्यानं रिकामा डबा पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवला.

"मधू, तू कुठे होतास?"

"खिडकीत," तो म्हणाला. शब्द इतका सहज आला की त्याला वाटलं तो कोणीतरी दुसऱ्यानं उच्चारला.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. रोज."

ताईनं एक शेंग मोडली, दोर काढला, दाणे परातीत टाकले. "मला पस्तीस झाली होती," ती म्हणाली.

परात तिच्या मांडीवर होती. पंखा फिरत होता. तिचा आवाज नेहमीचाच होता, दूधवाला उद्या येणार नाही असं सांगतानाचा.

"तुला माहीत होतं?"

"शेजारच्या रेडिओवर बातम्या संपल्या, मग गाणी लागली. त्यावरून कळायचं रोज, दहा झाली ते. त्या दिवशी पाच गाणी झाली." तिनं दुसरी शेंग घेतली. "आणि तिरकं पाहिलं की दाराच्या खालून तुझे पाय दिसत होते."

"मग उठली का नाहीस, ताई?"

"तू हाक मारशील म्हणून."

शेंगा मोडल्याचा बारीक आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "उद्या जाऊन सांग तिथे. खिडकीत होतो म्हणावं. परत बोलावतील त्या बाईला. लेकरं न्हाऊ घालते म्हणतोस, आता कोण देईल रे तिच्या हातात लेकरू? सांगशील ना?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. उत्तराची वाट पाहताना ती मान जराशी वर करते, हनुवटी पुढे येते, आणि संध्याकाळच्या उजेडात गळ्यावरच्या पांढऱ्याची कड अगदी स्पष्ट दिसते, नकाशातल्या किनाऱ्यासारखी. मधुसूदन त्या कडेकडे पाहत होता. हो म्हणायचं होतं, किंवा नाही, किंवा निदान तिच्या पायांशी बसून काहीतरी. तोंड उघडलं तेव्हा त्यातून आलं ते हे:

"पण ताई, चुरचुरायला नेमकं कितव्या मिनिटाला लागलं?"

सिंधूताईचे हात थांबले. तिनं त्याला आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"अकराव्या," ती म्हणाली.

म्हणजे वैद्यांचं बरोबर होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं.